बाजारांतला हिशेब आणि शाळेंतलें गणित

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या माझ्या भाषणाचा विषय मुलांच्या गणिताचा आहे. मी कोणी मोठा गणिती नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन आणि अध्यापनाची पदविका घेऊन मीं सारा जन्म प्राथमिक शाळेंत काढला, व आतां निवृत्त होऊन घरीं बसलों आहें. तेव्हां मी जें सांगणार आहें तें फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या एका साध्या मास्तराचें सांगणें आहे, एवढें ध्यानांत ठेवून आपण तें ऐकावें.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. एका तालुक्याच्या गांवीं मी पांचवीच्या वर्गाला शिकवीत होतों. त्या वर्गांत एक मुलगा होता. त्याला आपण बाळू म्हणूं. त्याची आई आठवड्याच्या बाजारांत भाजी विकीत असे, आणि बाजारच्या दिवशीं हा तिच्या शेजारीं तराजू घेऊन बसे. एका चांचणींत मीं वजाबाकीचें उदाहरण घातलें होतें : एक हजारांतून सहाशें तीस वजा करा. बाळूचें उत्तर आलें, एक हजार सहाशें तीस. त्यानें केलें होतें असें : शून्यांतून शून्य गेलें, शून्य. शून्यांतून तीन जात नाहींत, म्हणून तिनांतून शून्य काढलें व तीन लिहिले. पुढें सहाचेंहि तेंच केलें. एकाखालीं कांहींच नव्हतें, म्हणून एक तसाच खालीं उतरविला. वजा करून रक्कम वाढली, याचें त्याला कांहींच वाटलें नाहीं. मीं लाल पेन्सिलीनें भलें मोठें शून्य दिलें आणि तें उत्तर सगळ्या वर्गाला वाचून दाखविलें. वर्ग हंसला, मीहि हंसलों.

दुसऱ्याच दिवशीं बाजार होता. मीं बाळूकडून पाऊण किलो वांगीं आणि दीड किलो कांदे घेतले. वांगीं तीन रुपये साठ पैसे किलो होतीं, कांदे दोन रुपये चाळीस पैसे. तराजू खालीं ठेवतां ठेवतां त्यानें हिशेब सांगितला. वांग्यांच्या किलोच्या दरांतून पावाचे नव्वद पैसे काढले, राहिले दोन सत्तर. कांद्यांचे दोन चाळीस आणि त्यांचे निम्मे एक वीस, झाले तीन साठ. दोन्हीं मिळून सहा तीस. मीं दहाची नोट दिली. त्यानें माझ्या हातावर आधीं सत्तर पैसे ठेवले आणि म्हणाला, "हे सात झाले, गुरुजी." मग तीन रुपये ठेवले आणि म्हणाला, "आणि हे दहा." तीन रुपये सत्तर पैसे बिनचूक माझ्या हातांत पडले.

श्रोतेहो, दहा रुपये म्हणजे एक हजार पैसे, आणि सहा रुपये तीस पैसे म्हणजे सहाशें तीस पैसे. आदल्या दिवशींच्या चांचणींतलें तेंच उदाहरण, त्यांतला एक अंकहि न बदलतां, त्या मुलानें माझ्यासमोर उभ्या उभ्या सोडविलें होतें. आणि खरी लाजेची गोष्ट ही, कीं हें त्या दिवशीं माझ्या ध्यानांतच आलें नाहीं. "बाजारांत एवढा शहाणा, मग शाळेंतच कसा रे ठोंब्या ?" असें म्हणून मीं पिशवी उचलली व घरची वाट धरली. बाळू त्या वर्षीं नापास झाला, पुढल्या वर्षींहि झाला, आणि मग शाळेच्या पटावरून त्याचें नांव कमी झालें.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाहीं, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. ब्राझील देशांत रेसिफे नांवाचें मोठें शहर आहे. तेथें टेरेझिन्या कॅरहर, डेव्हिड कॅरहर व अनालूसिया श्लीमन या तीन मानसशास्त्रज्ञांनीं रस्त्यावर नारळ, फळें वगैरे विकणाऱ्या पांच मुलांचा अभ्यास केला आणि तो १९८५ सालीं प्रसिद्ध केला. मुलें नऊ ते पंधरा वर्षांचीं होतीं. आधीं गिऱ्हाईक होऊन त्यांना हिशेब विचारले. शेंकडा ९८ उत्तरें बरोबर आलीं. नंतर तीच आंकडेमोड शाब्दिक उदाहरणांच्या रूपानें विचारली, तेव्हां बरोबर उत्तरें शेंकडा ७४ च्या आसपास उतरलीं. आणि नुसते आंकडे मांडून, अमुक गुणिले तमुक, असें विचारलें, तेव्हां तीं शेंकडा ३७ वर आलीं. मुलें तींच, डोकीं तींच. केवळ प्रश्नाचा वेष बदलला होता. त्यांतल्या एका बारा वर्षांच्या मुलाला पस्तिसांस एक याप्रमाणें दहा नारळांचे किती, असें विचारलें. शाळेंत शिकविल्याप्रमाणें पस्तिसांवर शून्य देणें त्याला सुचलें नाहीं. तीन नारळांचे एकशें पांच हें त्याला रोजच्या विक्रीमुळें पाठ होतें. त्यांत आणखी तीन मिळवून दोनशें दहा, आणखी तीन मिळवून तीनशें पंधरा, आणि उरलेल्या एकाचे पस्तीस धरून तीनशें पन्नास, असा तो उत्तरापर्यंत पोंचला.

आतां आपल्या देशांतली गोष्ट सांगतों. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की व त्यांचे सहकारी यांनीं कलकत्ता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १४३६ मुलांची परीक्षा घेतली, व तिचा वृत्तांत २०२५ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत आला. तेथेंहि तोच प्रकार दिसला. हीं मुलें दुकानावरचे अवघड हिशेब तोंडीं करीत. पण त्याहून सोपीं उदाहरणें शाळेच्या पद्धतीनें मांडून दिलीं कीं अडून बसत. त्यांना हिशेब पाठ असेल, कोणी शेजारीं मदत करीत असेल, किंवा परीक्षेची भीति वाटत असेल, अशा सगळ्या शंका त्या संशोधकांनीं तपासून पाहिल्या. त्यांपैकीं एकीनेंहि हा फरक उलगडला नाहीं.

परंतु या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग आपल्यासारख्या सुशिक्षित घरांनीं अधिक लक्ष देऊन ऐकावा असा आहे. बाजारांत कधीं काम न केलेलीं, जवळच्या शाळांत जाणारीं ४७१ मुलेंहि त्यांनीं तपासलीं. तीं वहीवरच्या साध्या उदाहरणांत सरस ठरलीं. पण बाजारचें एक उदाहरण असें होतें, कीं तें काम करणाऱ्या मुलांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक मुलांनीं सोडविलें, आणि या शाळकरी मुलांपैकीं शंभरांत एकालाच सुटलें. म्हणजे बाळूला शाळेचें गणित येत नव्हतें हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें, कीं वर्गांत पहिल्या येणाऱ्या मुलाला बाळूचा हिशेब येत नव्हता. आपण मात्र नापास केलें तें एकालाच.

असें कां व्हावें ? माझ्या समजुतीप्रमाणें कारण असें आहे. बाजारांत आंकड्याचा अर्थ कधीं हातांतून सुटत नाहीं. सहा तीस म्हणजे सहा रुपये आणि वर तीस पैसे. मूल मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे येतें, सोयीच्या ठिकाणीं तोडतें, जोडतें, आणि उत्तर भलतेंच आलें तर गिऱ्हाईक तरी ओरडतें किंवा आई तरी. शाळेंत आपण उजवीकडून एकंस्थानापासून आरंभ करतों. प्रत्येक घरांतला अंक सुटा घेतों. तो कशाचा, शतकाचा कीं दशकाचा, हें विसरूनहि कृति पुरी करतां येते. शाळेची रीत वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. ती फार मोठ्या बुद्धीची निर्मिति आहे. कारण एकच रीत चार अंकी रकमेला चालते तशी चाळीस अंकी रकमेलाहि चालते. पण जी रीत अर्थ बाजूला ठेवून चालते ती अर्थ पक्का झाल्यानंतर शिकवावयास हवी. आम्ही ती आधीं शिकवितों, आणि मग एक हजारांतून सहाशें तीस वजा होऊन सोळाशें तीस उरतात !

कोणी म्हणेल, तर मग शाळेचें गणित हवेंच कशाला ? मुलांना बाजारांतच बसवा ! तसें मुळींच नाहीं. बाजाराचा हिशेब बाजार संपला कीं संपतो. ज्याला तीन नारळांची रक्कम पाठ आहे, त्याला सत्तावन्न नारळांची लगेच सांगतां येईलच असें नाहीं. आणि बीजगणित, भूमिति, पदार्थविज्ञान यांचे दरवाजे तर त्या वाटेनें उघडतच नाहींत. अनेक ठिकाणच्या अनुभवाला एकाच नियमांत बांधणें, हें शाळेचें खरें काम. बाळूला या कामासाठींच शाळा हवी होती, आणि तेंच आम्हीं त्याला दिलें नाहीं. दोन्हीं कांठ खरे आहेत. मध्यें पूल नाहीं, हें दुखणें आहे.

हा पूल आपल्याकडे एके काळीं होता. जुन्या मराठी शाळेंत पंतोजी मुलांकडून नुसते पाढे म्हणवून घेत नसत; पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीहि म्हणवून घेत. औटकी म्हणजे साडेतिनांचा पाढा. सातांची औटकी साडेचोवीस, हें ज्या काळीं पोराच्या ओठांवर असे, त्या काळीं रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे होते, आणि बाजारांत पाव, अर्धा, पाऊण यांचाच व्यवहार होता. शाळेंत जें घोकावें तेंच संध्याकाळीं वाण्याच्या दुकानांत कामाला यावें, असा तो मेळ होता. त्या शाळेंत छडी होती, घोकंपट्टी होती, आणि मुलींना व गोरगरिबांना तिचा दरवाजा बहुधा बंदच होता; तेव्हां तिचे गोडवे मी गाणार नाहीं. परंतु हा एक गुण तिच्यांत होता. पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्यानें मापेंहि दशमान झालीं. तो बदल योग्यच होता. पण त्याबरोबर त्या अपूर्णांकांच्या पाढ्यांचें प्रयोजन संपलें, आणि त्यांच्या जागीं मुलाच्या रोजच्या व्यवहाराला शाळेशीं जोडणारें दुसरें कांहीं आम्हीं बसविलें नाहीं.

आतां तर घराघरांतला व्यवहारच अदृश्य झाला आहे. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय झाली. पडद्यावर बोट ठेवलें कीं दुकानदाराला पैसे पोंचतात. मोड मोजून घ्यावी लागत नाहीं. मुलाला वाण्याकडे धाडलें आणि त्यानें उरलेले पैसे आईच्या हातांत मोजून दिले, हा जो आपल्या घरांतला बिनखर्ची गणिताचा तास होता, तो आपल्या नकळत बंद पडला. ग्रामीण भागांतील मुलांची पाहणी करून 'असर' या नांवाचा अहवाल २००५ पासून प्रसिद्ध होत आला आहे. २०२४ च्या अहवालाप्रमाणें पांचवीच्या शंभर मुलांपैकीं तीन अंकी संख्येला एका अंकानें भागणें जेमतेम एकतीस मुलांना जमलें. शहरांतल्या श्रोत्यांनीं हा खेड्यांचा आंकडा म्हणून निश्चिंत होऊं नये. आपल्या मुलांना भागाकाराची रीत येत असेलहि, पण त्या भागाकाराचा अर्थ काय, हें एकदां त्यांना विचारून पाहावें.

मराठी मुलाची आणखी एक अडचण आहे, आणि ती आपल्या भाषेंतलीच आहे. आपण 'सत्तावीस' म्हणतों; त्यांत सात आधीं येतात व वीस मागून. लिहितांना मात्र दोन आधीं. म्हणून पुष्कळ मुलें सत्तावीस ऐकून ७२ लिहितात. 'एकोणतीस' तर आणखी अवघड, कारण त्यांत वीसहि ऐकूं येत नाहीं आणि नऊहि नाहीं. आपल्या शेजारच्या कानडींत वीस आधीं व सात मागून असाच क्रम आहे. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत 'सत्तावीस' या नांवाबरोबर 'वीस सात' असेंहि वाचन दिलें गेलें, तेव्हां केवढा गहजब झाला हें आपणांस आठवत असेल. वर्तमानपत्रांत थट्टा झाली, विधिमंडळांतहि चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं तो निर्णय शांतपणें समजावून सांगितला. मला स्वतःला जुनीं नांवें प्रिय आहेत, आणि तीं सोडावींत असें मी म्हणणार नाहीं. परंतु दहा दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मुलासमोर ठेवून, "हे वीस आणि हे सात, यांनाच आपण सत्तावीस म्हणतों," असें सांगण्यांत मराठीचा कोणता अपमान झाला, हें मला आजवर कळलेलें नाहीं.

मग करावें काय ? मोठ्या योजना मोठीं माणसें करतील. मीं नोकरीच्या उत्तरार्धांत जें करून पाहिलें, त्यांतल्या तीन गोष्टी सांगतों. त्या घरींहि करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट : उत्तर काढण्याआधीं अंदाज विचारावा. "हजारांतून सहाशें तीस गेले, उरतील ते पांचशेंच्या आंत कीं बाहेर?" हा प्रश्न मीं बाळूला विचारला असता, तर सोळाशें तीस हा आंकडा लिहितांना त्याचा हात आपोआप थांबला असता. अंदाज चुकला तरी बिघडत नाहीं. अंदाज करणारें मूल आंकड्याकडे पाहूं तरी लागतें.

दुसरी गोष्ट : "कसें केलेंस ?" हें विचारावें, आणि उत्तर बरोबर असलें तरीहि विचारावें. केवळ चुकल्यावर विचारलें, तर मुलाला तो प्रश्न शिक्षेसारखा वाटतो. मुलाची चूक बहुधा वेडीवांकडी नसते. तिच्यामागें एक नियम असतो. बाळूचा नियम होता, कीं नेहमीं मोठ्या अंकांतून लहान अंक काढावा. तो त्यानें इमानानें पाळला. ज्या मास्तराला तो नियम दिसला, त्याला औषधहि सांपडलें. ज्याला नुसतें चुकलेलें उत्तर दिसलें, त्याला लाल पेन्सिलीवांचून दुसरें कांहीं सुचत नाहीं. मीं तीं उत्तरें वीस वर्षें नुसतीं खोडलीं. वाचावयास शिकलों तें त्यानंतर.

तिसरी गोष्ट : तेंच उदाहरण दोन वेषांत द्यावें, आणि दोन्हीं वेष एकमेकांशेजारीं ठेवावे. आधीं दुकान मांडावें. सहाशें तिसांत सत्तर घातले, सातशें. त्यांत तीनशें घातले, हजार. म्हणून उरले तीनशें सत्तर. हें मुलाच्या स्वतःच्या रीतीनें वहींत लिहवून घ्यावें. मग खेळांतल्या नोटा आणून हजाराची नोट मोडावी. तिच्या दहा शंभराच्या नोटा होतात. त्यांतली एक मोडून दहाच्या दहा. तीस द्यावयाचे तर दहाच्या दहा नोटांतून तीन गेल्या, राहिल्या सात; शंभराच्या उरलेल्या नऊ नोटांतून सहा गेल्या, राहिल्या तीन. मोड घेणें हीच ती शाळेंतली दशक मोडण्याची रीत, हें मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतें. बाजारांतून शाळेकडे येण्याची ही वाट झाली. उलट वाटहि चालवावी : वहींतलें उदाहरण द्यावें आणि म्हणावें, "या उदाहरणाला शोभेल अशी गोष्ट तूं सांग." ज्याला अशी गोष्ट रचतां येते, त्याला तें गणित आलें असें खुशाल समजावें.

या पद्धतीला वेळ लागतो, हा आक्षेप रास्त आहे. साठ मुलांच्या वर्गांत प्रत्येकाला "कसें केलेंस ?" हें विचारणें शक्य नसतें, हें माझ्याइतकें कोणास ठाऊक असणार ? परंतु त्यावरहि उपाय झालेले आहेत. मुंबई आणि बडोदें येथील कांहीं शाळांत २००१ ते २००३ या काळांत 'प्रथम' या संस्थेनें वस्तीवरच्याच तरुण मुली 'बालसखी' म्हणून नेमल्या. तिसरी-चौथींतल्या मागें पडलेल्या मुलांना त्या दररोज दोन तास वेगळ्या घेऊन, त्यांना जें येत होतें तेथपासून पुढें शिकवीत. बॅनर्जी, डुफ्लो आदींनीं या प्रयोगाची काटेकोर तपासणी केली, तेव्हां मुलांची प्रगति स्पष्ट दिसून आली. प्रयोग थांबल्यानंतर वर्षभरानें तिच्यांतला बराच भाग ओसरला, हेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें नोंदलें आहे. मला तर त्यांत नवल वाटत नाहीं. पाणी द्यावयाचें थांबविलें कीं रोप वाळणारच. मुलाची इयत्ता कोणती हें न पाहतां त्याला काय येतें हें पाहावें, हा त्यांतला बोध मात्र कायमचा आहे.

आतां शेवटचें सांगून आटोपतों. कांहीं वर्षांपूर्वीं मला बाळू भेटला. आतां त्याचा भाजीचा घाऊक व्यापार आहे. हाताखालीं माणसें आहेत. मला ओळखून तो वांकून पायां पडला. त्याची धाकटी मुलगी चौथींत होती, तिची वही त्यानें मजपुढें केली आणि म्हणाला, "गुरुजी, हिला वजाबाकी येत नाहीं. पण तिला तरी काय बोलूं ? मलाहि ती कधीं आली नाहीं."

रोज हजारोंची देवघेव तोंडीं करणारा तो माणूस अगदीं मनापासून असें बोलत होता. मीं दिलेलें तें शून्य त्यानें इतकीं वर्षें खरें मानलें होतें. मला क्षणभर बोलवेना. मग मी म्हणालों, "अरे, तुला वजाबाकी येत होती. मलाच ती ओळखतां आली नाहीं." त्याला तें कितपत पटलें, मी सांगूं शकत नाहीं. आम्हीं तेथेंच त्याच्या गल्ल्यांतल्या नोटा घेतल्या आणि मुलीला मध्यें बसविलें. बापानें आपल्या रीतीनें हिशेब सांगितला, मीं माझ्या रीतीनें मांडला, आणि दोन्हींकडून उत्तर एकच आलें, तेव्हां त्या मुलीपेक्षां तिच्या बापाकडेच मी अधिक वेळ पाहत राहिलों.

श्रोतेहो, आज रात्रीं आपल्या घरांतलें मूल उदाहरण चुकलें, तर तें खोडण्याआधीं एकदां त्याच्याशेजारीं बसा आणि, "बाळ, हें तूं कसें केलेंस ?" असें विचारा. तें जें सांगेल तें पुरतें ऐकून घ्या. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.